शिवणारीचं म्हणणं : गोधडी प्रकल्पाच्या नोंदी

७ जून २०२५

विषय आज पक्का झाला. सप्टेंबरमध्ये वाचनालयाच्या सभागृहात लावायचं प्रदर्शन आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांनी शिवलेल्या गोधड्यांवर असेल. मुख्य भर अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांवर. गुलाम म्हणून तिथे नेलेल्या माणसांच्या लेकीनातींनी कापूस पेरला, वेचला, आणि उरल्यासुरल्या चिंध्यांतून घरच्यांसाठी पांघरुणं शिवली. शेवटचा भाग आपल्या शेजारचा : उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रियांचं कवंद, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी.

मूळ गोधड्या कोल्हापुरात येणं शक्य नाही. त्यामुळे मोठे छापील फोटो, मराठी मजकूर आणि गटातल्या बायकांनी त्या त्या पद्धतीने शिवून पाहिलेले नमुने, असं स्वरूप ठरलं. आमच्या गटातल्या बहुतेक जणी लहानपणापासून वाकळ शिवत आल्या आहेत. प्रदर्शनाला त्यांचे डोळे आणि त्यांची बोटं दोन्ही लागणार.

फलकांसाठी एक नियम केला. सगळ्यात वर शिवणारीचं नाव. त्याखाली तिनं स्वतः त्या गोधडीबद्दल जे सांगितलं ते. मग कापड, टाके, नक्षी. संग्रहालयाचं नाव तळाशी. गोधड्यांच्या पुस्तकांत बहुधा याच्या उलट क्रम दिसतो. नक्षीचं नाव ठळक, मालकाचं त्याहून ठळक, आणि शिवणारी ‘अज्ञात’. ‘गोधडी बोलते’ असं म्हणायला छान वाटतं, पण कापड स्वतःहून फारसं बोलत नाही. शिवणारीला कुणी विचारलं आणि तिचं म्हणणं लिहून ठेवलं, तरच ते पुढे जातं. हॅरिएट पॉवर्सच्या बाबतीत हे घडलं, म्हणून पहिला फलक तिचा.

१४ जून

हॅरिएट पॉवर्स. जन्म १८३७, जॉर्जिया राज्यात, गुलामगिरीत. मृत्यू १९१०. तिच्या दोनच गोधड्या आज शिल्लक आहेत. एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत, दुसरी बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात.

पहिलीत ११ चौकटी आणि सगळ्या बायबलातल्या. एदेनच्या बागेतले आदम आणि हव्वा, हाबेलला मारणारा काइन, याकोबाचं स्वप्न, येशूचा बाप्तिस्मा, शेवटचं भोजन, यहुदाची चांदीची ३० नाणी. माणसं, जनावरं, तारे यांचे आकार कापडातून कातरून खालच्या कापडावर शिवलेले. आकार अगदी साधे, पण प्रत्येकात हालचाल आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमी राज्याच्या दरबारी कापडांवर असेच कातरलेले आकार असत, आणि अभ्यासकांनी हे साम्य वारंवार दाखवलं आहे. फलकावर मी ते साम्य म्हणूनच लिहिणार आहे. पॉवर्सनं तसं कापड कधी पाहिलं होतं असं त्यावरून ठरत नाही.

१८८६ मध्ये जॉर्जियातल्याच अथेन्स गावच्या कापूस जत्रेत ही गोधडी मांडली होती. तिथे जेनी स्मिथ या गोऱ्या चित्रकला शिक्षिकेनं ती पाहिली आणि विकत मागितली. पॉवर्सनं साफ नकार दिला. कुठल्याच किमतीला द्यायची नाही म्हणाली. काही वर्षांनी घरची ओढाताण वाढली, तेव्हा तिनं स्वतःच निरोप धाडला. बैलगाडीतून आली. मांडीवर गोधडी, स्वच्छ पिठाच्या पोत्यात घातलेली, वरून आणखी एक गोणपाट. तिनं १० डॉलर मागितले. स्मिथ म्हणाली, माझ्याकडे ५ च आहेत. पॉवर्स बाहेर जाऊन नवऱ्याशी बोलली, परत आली आणि दिवस वाईट आहेत म्हणून तेवढ्यावर तयार झाली.

देण्याआधी तिनं एकेक चौकट समजावून सांगितली आणि स्मिथनं ती लिहून घेतली. नंतरही ती अनेकदा स्मिथच्या घरी आली, आपली गोधडी बघायला. हे सगळं स्मिथच्याच टिपणात आहे.

हा मजकूर मोठ्यानं वाचला तेव्हा गटातल्या आक्कांनी शिवण खाली ठेवली. म्हणाल्या, “पाच डॉलरात गोधडी गेली, गोष्ट न्हाई गेली. गोष्ट तिनं सांगून ठेवली.” हे वाक्य फलकावर घालू का, असं विचारलं. आक्का म्हणाल्या, घाला, पण खाली घाला, तिच्या वर नको.

१५ जून

पॉवर्सच्या दुसऱ्या गोधडीचा मजकूर. काल रात्री संपेना म्हणून आज सकाळी पुन्हा बसले.

ही गोधडी १८९५ ते १८९८ च्या दरम्यानची, १५ चौकटींची. अटलांटा विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या पत्नींनी ती एका धर्मगुरूंना भेट म्हणून दिली. इथेही प्रत्येक चौकटीचा खुलासा लिहिलेला आहे. बायबलमधला योना, ईयोब, मोशेचा साप हे सगळे आहेत, पण त्यांच्या शेजारी तिच्या आणि तिच्या आधीच्या काळातल्या खऱ्या घटना बसवल्या आहेत. १९ मे १७८० चा काळाकुट्ट दिवस, भरदिवसा अंधारलेला. १३ नोव्हेंबर १८३३ ची रात्र, उल्कांचा पाऊस पडला ती. लोक घाबरले, जगाचा शेवट आला असं त्यांना वाटलं, देवाच्या हातानं तारे थोपवले, असा तिचा खुलासा. तिच्या शब्दांत ‘१० फेब्रुवारी १८९५ चा थंडीचा गुरुवार’ : प्रार्थना करता करता गोठलेली एक बाई, फाटकापाशी गोठलेली दुसरी, पिठाचं पोतं घेऊन गोठलेला माणूस, खेचराच्या श्वासाचे झालेले बर्फाचे लोलक.

तारखा बघितल्या की अंगावर काटा येतो. उल्का पडल्या त्यानंतर ४ वर्षांनी तिचा जन्म. अंधारलेला दिवस तिच्या जन्माआधी ५७ वर्षांचा. म्हणजे या गोष्टी तिनं ऐकलेल्या आहेत. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवण्यावर जॉर्जियात कायद्यानं बंदी होती, आणि तरी १८३३ च्या एका रात्रीची आठवण तोंडातोंडी तिच्यापर्यंत आली, तिनं ती सुईनं टाचली, आणि आज तारखेसकट आपल्यापुढे आहे.

मला सगळ्यात आवडती तेरावी चौकट. देवाचं काही न शिकलेल्या श्रीमंतांची ती गोष्ट आहे, आणि त्याच चौकटीत तळाशी एक डुकरीण. तिचा खुलासा असा, की ही स्वतंत्र बाण्याची डुकरीण जॉर्जियाहून व्हर्जिनियापर्यंत ५०० मैल धावली, आणि तिचं नाव होतं बेट्स. जॉर्जियातून उत्तरेकडे धावणारी, कुणाच्या ताब्यात न राहणारी. काहींना त्यात पळून जाणारी गुलाम माणसं दिसतात. ते खरं असेलही. पण मला तिनं नाव सांगितलं याचं महत्त्व अधिक वाटतं. श्रीमंतांच्या नरकवासाच्या गोष्टीत एका डुकरिणीलाही नाव मिळालं.

या चौकटीचा फोटो हाताच्या उंचीवर लावायचा, मुलांना दिसेल असा.

२१ जून

अलाबामा राज्यातल्या गीज बेंडचा मजकूर सुरू केला. या गावाला तीन फलक देणार आहे, बाकी कुणालाच इतकी जागा नाही. त्याची कारणं आहेत.

अलाबामा नदीनं तीन बाजूंनी वेढलेली जमीन. १८१६ मध्ये जोसेफ गी नावाच्या जमीनदारानं इथे कापसाची शेती वसवली, त्यावरून गावाचं नाव. १८४५ मध्ये ती मार्क पेटवेकडे गेली. त्यानं नॉर्थ कॅरोलायनातून आपले सुमारे १०० गुलाम इथे आणले, आणि ती माणसं एवढं अंतर चालत आली. गुलामगिरी संपल्यावर त्यातली बहुतेक इथेच खंडानं शेती करत राहिली. त्यांनी लावलेलं मालकाचं आडनाव आजही गावात घरोघर आहे. म्हणून या फलकांवर पेटवे, पेटवे, पेटवे असं पुन्हा पुन्हा दिसेल. त्या सगळ्या एका घरच्या नाहीत, हे पहिल्याच फलकावर सांगायला हवं.

१९३२ साल गावात अजून सांगितलं जातं. उधारीवर माल देणारा व्यापारी वारला आणि त्याच्या घरच्यांनी वसुलीला माणसं पाठवली. गुरं, अवजारं, साठवलेलं धान्य, सगळं उचलून नेलं. तो हिवाळा लोकांनी रेड क्रॉसच्या पिठावर काढला. १९३७ मध्ये सरकारतर्फे छायाचित्रकार आर्थर रोथस्टीन इथे आला. त्याच्या फोटोंत लाकडी घरांच्या आतल्या भिंती वर्तमानपत्रांनी मढवलेल्या दिसतात, वारा आत येऊ नये म्हणून. पुढे सरकारी कर्जातून इथल्या अनेक कुटुंबांनी जमीन विकत घेतली. त्यामुळे १९६० च्या दशकात मतदार म्हणून नाव नोंदवायला निघालेल्या काळ्या माणसांना इतर गावांत जमीनदारांनी हाकललं, तसं या लोकांना हाकलता आलं नाही. मग १९६२ मध्ये नदीपलीकडच्या कॅमडेनला जाणारी फेरीबोट बंद झाली. कॅमडेन म्हणजे तालुक्याचं गाव म्हणावं तसं, कचेऱ्या सगळ्या तिथे. समोर दिसणाऱ्या गावाला जायला लांबचा वळसा पडू लागला. फेरीबोट पुन्हा सुरू झाली २००६ मध्ये.

गोधड्या या घरांतल्या आहेत. भेगांतून थंडी येणारी घरं, अंथरुणाखालीही गोधडी आणि अंगावरही गोधडी. भर घालायला कापसाच्या कारखान्याच्या जमिनीवरून झाडून आणलेला कापूस, काठीनं बडवून मोकळा केलेला. अस्तराला खताच्या किंवा पिठाच्या गोण्या, उसवून धुतलेल्या.

२८ जून

मिसुरी पेटवेची १९४२ ची गोधडी. आता ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. नवरा वारल्यावर तिनं त्याचे कामाचे कपडे घेतले आणि त्यांचीच गोधडी केली. तिची मुलगी अर्लोन्झिया हिनं पुढे सांगितलेली हकिगत नोंदवलेली आहे. आई म्हणाली, त्याचे कपडे घेऊन गोधडी करते, त्याची आठवण म्हणून, आणि त्याच्या मायेत पांघरून झोपेन.

निळ्या-करड्या विटक्या पट्ट्या. गुडघ्यापाशी झिजलेलं कापड, आणि जिथे खिसा उसवून काढला तिथे मूळचा गडद रंग. बाकी कापड उन्हानं उडालेलं, खिशाखालचं तेवढं तसंच राहिलेलं. कपडा कुठे वाकत होता, कुठे घासत होता, सगळं वाचता येतं.

गटात वाचल्यावर बराच वेळ बोलणं चाललं. आपल्याकडेही गेलेल्या माणसाची लुगडी, धोतरं वाकळेत घालतात, पण सगळ्या घरांत नाही. काकी म्हणाल्या, त्यांच्या सासरी गेलेल्याचे कपडे देऊन टाकायचे असा रिवाज. वैनींकडे याच्या उलट : सासूच्या लुगड्याचा पदर मधोमध आला पाहिजे, असं त्यांनी स्वतःच्या हातानं केलंय. फलकावर आपल्याकडचा उल्लेख करायचा का, यावर मतं दोन झाली. मी नको म्हटलं. मिसुरीच्या फलकावर मिसुरीच असू दे. आपल्या गोष्टी नमुन्यांच्या टेबलापाशी बायका तोंडानं सांगतीलच.

लॉरेटा पेटवेचंही म्हणणं आज लिहून काढलं. तिनं स्पष्ट सांगितलंय, की शिवण तिला आवडत नव्हतं. मुलांना ऊब हवी होती म्हणून शिवलं. २०१५ मध्ये मेरी ली बेंडॉल्फ आणि ल्युसी मिंगो यांच्याबरोबर तिला अमेरिकेचा लोककलेचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. प्रत्येक गोधडीत शिवणारीचा आनंद शोधणाऱ्यांनी तिचा फलक आधी वाचावा.

५ जुलै

शिवणीचा दिवस. गीज बेंडमध्ये ज्याला ‘हाउसटॉप’ म्हणतात ती नक्षी घेतली. मधे एक चौकोन, त्याच्या एका बाजूला पट्टी, मग दुसऱ्या, असं फिरत फिरत बाहेर वाढत जायचं. कागदावर बघताना सोपी वाटते. हातात घेतली की कळतं, प्रत्येक पट्टीला निर्णय आहे : रुंदी किती, रंग कुठला, वाकडी निघाली तर पुढचीनं तिला सरळ करायचं की तशीच वाढू द्यायची. तिथल्या बायका मोजून-मापून नक्षी बसवत नाहीत. लाल कापड संपलं तर पुढची पट्टी राखाडी. त्या अचानक बदलातच गोधडीला जीव येतो.

पद्धतीतला फरक वैनींनी लगेच पकडला. वाकळेत आपण जुनेराचे थर अंथरतो, वर धडपे लावत जातो आणि धावदोऱ्यानं सगळं एकदमच शिवतो. तिकडे वरचा पदर आधी स्वतंत्र जोडून घेतात, मग अस्तर, मधे कापूस, आणि तिन्ही चौकटीवर ताणून टाके घालतात. त्यातही वाटणी आहे. वरचा पदर बाई एकटी जोडते, तो तिचा. टाके घालायला शेजारणी येतात, भजनं म्हणतात, गप्पा होतात. म्हणजे कल्पना एकीची, ऊब सगळ्यांच्या हातची.

बांबूची चौकट केली. सभागृहात हीच ठेवायची, येणाऱ्यांनी टाका घालून बघावा म्हणून. सुया बोथट घ्याव्यात का, यावर आक्कांनी हसून मान हलवली. सुई ती सुईच हवी.

६ जुलै

कॉर्डरॉयचा, म्हणजे उभ्या रेघांच्या जाड मखमली कापडाचा, तुकडा मिळवायचा आहे. गीज बेंडच्या १९७० नंतरच्या गोधड्यांत कॉर्डरॉय अचानक दिसू लागतं, त्यामागे एक हकिगत आहे. १९६६ मध्ये शेजारच्या भागात ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही स्त्रियांची सहकारी संस्था उभी राहिली. मतदार नोंदणीच्या चळवळीत भाग घेतल्यानं ज्यांची रोजीरोटी गेली अशी कुटुंबं त्यात होती. फ्रान्सिस वॉल्टर हे धर्मगुरू मदतीला होते, एस्टेल विदरस्पून यांनी संस्था सांभाळली. न्यू यॉर्कच्या मोठ्या दुकानांकडून मागणी आली, पण दुकानाला प्रत्येक गोधडी हुबेहूब सारखी हवी. मनानं पट्टी बदलणाऱ्या हातांना तोच नमुना पुन्हा पुन्हा शिवावा लागला. पैसे मिळाले, कित्येकींना आयुष्यात पहिल्यांदा, आणि ही छोटी गोष्ट नाही. १९७२ मध्ये सीअर्स कंपनीचं कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं काम आलं. उरलेले तुकडे बायकांनी घरी नेले आणि घरच्या गोधड्यांत हवे तसे लावले : सोनेरी, हिरवे, नारिंगी, लाल. त्यांच्या सर्वांत धीट गोधड्यांतल्या काही यातूनच आल्या.

१२ जुलै

आज माझा नियम अडला.

रोझी ली टॉम्पकिन्स. आर्कान्सामध्ये जन्म १९३६, मृत्यू २००६, राहणं कॅलिफोर्नियातल्या रिचमंडमध्ये. मखमल, चकाकणारं पॉलिस्टर, फर, छापील चित्रांचे टॉवेल, काहीही वर्ज्य नाही. चौकोन एकमेकांवर धडकल्यासारखे, आणि मधेच दोऱ्यानं भरलेली बायबलच्या अध्यायांची नावं, घरच्यांच्या जन्मतारखा. ईलाय लिऑन या संग्राहकाकडे तिचं शेकड्यांनी काम होतं. त्यानं जमवलेल्या काळ्या स्त्री-पुरुषांच्या जवळजवळ ३,००० गोधड्या त्याच्या मृत्यूनंतर बर्कलीच्या विद्यापीठ संग्रहालयाकडे गेल्या.

पण हे तिचं खरं नाव नाही. तिला लोकांच्या नजरेत यायचं नव्हतं, म्हणून तिचं काम टोपणनावानं मांडलं गेलं. ती गेल्यावर खरं नाव छापून आलं आणि आता सगळीकडे मिळतं. गटातल्या एका मुलीचं म्हणणं : आपण नाव वर लिहितो म्हणतो, मग खरंच लिहायला हवं.

मी नाही म्हटलं. ज्या नावाआड तिला राहायचं होतं तेच तिचं नाव. नियम सुधारून लिहिला : ‘सगळ्यात वर शिवणारीचं नाव, तिला जसं हवं तसं.’ तिचं खरं नाव या नोंदींतही लिहीत नाही.

१९ जुलै

ज्या गोष्टीबद्दल सर्वाधिक विचारणा होते तिचा निर्णय आज घेतला. पळून जाणाऱ्या गुलामांना वाट दाखवण्यासाठी गोधड्या कुंपणावर वाळत टाकत, आणि त्यांतल्या नक्ष्या म्हणजे सांकेतिक खुणा, ही कथा. १९९९ मध्ये निघालेल्या एका पुस्तकानं ती जगभर नेली. शाळांत शिकवली जाते.

इतिहासकारांना तिला आधार सापडलेला नाही. १९३० च्या दशकात पूर्वी गुलाम असलेल्या दोन हजारांहून अधिक वृद्ध माणसांच्या सरकारी मुलाखती घेतल्या गेल्या, पळून आलेल्यांनी स्वतः लिहिलेली आत्मवृत्तं आहेत. त्यांत गोधड्या आहेत, रात्री जमून शिवण आहे, सांकेतिक नक्ष्या नाहीत. खुणा म्हणून सांगितलेल्या काही नक्ष्या तर विसाव्या शतकातल्या आहेत. २००७ मध्ये न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळ, गुलामगिरीतून पळून येऊन तिच्याविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक डग्लस यांच्या स्मारकात या खुणा कोरायचं ठरलं, तेव्हा इतिहासकारांनी उघड हरकत घेतली.

कथा मोहक आहे, मला कळतं. पण तिच्यामुळे काय होतं ते बघा. ज्यांनी थंडीत मुलांना पांघरूण मिळावं म्हणून शिवलं त्या मागे पडतात, आणि पुढे येतं एक कोडं, जे सोडवण्याचं श्रेय आजच्या वाचकाला. काळ्या स्त्रियांच्या गोधड्यांत गोष्टी नव्हत्या असं मुळीच नाही. पॉवर्सनं सांगितलेल्या आहेत, मिसुरीच्या लेकीनं सांगितलेल्या आहेत. त्या असताना ऐकीव खुणांची गरज काय? ही कथा प्रदर्शनात घेणार नाही. कुणी विचारलं तर बेट्सच्या फोटोपाशी न्यायचं.

२६ जुलै

हळियाळ. बेळगाव ओलांडून खानापूरच्या बाजूनं गेलो, सबंध वाट पाऊस.

मराठी वाचकाला सिद्दी म्हटलं की जंजिरा आठवतो, फार तर मलिक अंबर. उत्तर कन्नडातल्या सिद्दींचा इतिहास निराळा. पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून, मोझांबिककडून, गुलाम गोव्यात आणले. त्यांतले बरेच पळून घाटातल्या जंगलात शिरले. दख्खनच्या दरबारांतूनही काही आले. हळियाळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला भागांतल्या वाड्यांत ते आज राहतात. काही हिंदू, काही मुसलमान, काही ख्रिस्ती. २००३ मध्ये कर्नाटकातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांची बोली कोकणीच्या अंगाची, मराठी-कानडी मिसळलेली, त्यामुळे आमचं बोलणं अडलं नाही.

ज्या आज्जींकडे गेलो त्यांनी अर्धं कवंद पसरून दाखवलं. खाली जुनी साडी. एका कोपऱ्यापासून सुरुवात, कडेकडेनं तुकडे लावत फिरायचं आणि फेऱ्या घेत मध्याकडे यायचं. तुकडा ठेवला, कडा आत दुमडली, धावदोरा घातला, पुढचा तुकडा. जोडणं आणि टाके घालणं एकाच वेळी. टाक्यांच्या रांगा बाहेरून आत वळत जातात. मोठ्या तुकड्यांवर वरून लहान रंगीत तुकडे. ख्रिस्ती घरातल्या कवंदावर क्रूस दिसतो, मुसलमान घरातल्यावर चंद्रकोर.

चारी कोपऱ्यांना घडी घातलेले तिकोनी तुकडे, त्यांना फुलं म्हणतात. मी विचारलं, “आज्जी, ही फुलं कशाला?”

“त्यांशिवाय कवंद उघडं दिसतं,” म्हणाल्या. इतकंच.

तुकडे जोडण्याची रीत कुणाकडून आली, यावर मजकुरात जपून लिहायचं आहे. जुनेराचं पांघरूण दख्खनभर शिवतात, कानडी मुलखात कौदी, आपल्याकडे वाकळ. कवंद सरळ आफ्रिकेतून आलं असं म्हणणं सोपं, आणि शेजारच्यांचंच उचललं असं म्हणणंही तितकंच सोपं. रंगांचा ठसका आणि फुलांचा आग्रह त्यांचा आहे, हे डोळ्यांनी दिसतं, तेवढं लिहीन. अमेरिकेतले अभ्यासक हेन्री ड्र्युवल यांनी या स्त्रियांबरोबर बरंच काम केलं आणि २००४ मध्ये त्यांची सहकारी संस्था सुरू व्हायला मदत केली. कवंदं त्यानंतर परदेशांतल्या दालनांत गेली.

एक कवंद प्रदर्शनासाठी विकत घेतलं. किंमत आज्जींनी सांगितली तीच दिली. फलकासाठी विचारलं तेव्हा म्हणाल्या, नाव लिहा, वाडीचं नाव लिहा, फोटो कवंदाचा लावा, माझा नको. तसंच होईल.

२ ऑगस्ट

फेथ रिंगोल्ड, १९३० ते २०२४. न्यू यॉर्कच्या हार्लेममधली चित्रकार. तिच्या पणजीची आई सूझी शॅनन गुलामगिरीत जन्मलेली आणि गोधड्या शिवणारी. फेथनं पहिली गोधडी १९८० मध्ये आईबरोबर केली. आई विली पोझी, कपड्यांची डिझाइनर. पुढे १९८३ पासून ती गोधडीवरच मजकूर लिहू लागली. एक कारण तिनंच सांगितलंय : आत्मचरित्र छापायला कुणी तयार होईना. कापडावर लिहिलेलं कोण अडवणार? १९८८ च्या एका गोधडीत आठ वर्षांची कॅसी हार्लेमच्या गच्चीवरून उडते आणि जॉर्ज वॉशिंग्टन पूल आपलासा करते. तिचे वडील त्या पुलावर राबले, पण कामगार संघटनेनं त्यांना घेतलं नाही. गोष्ट कडेच्या पट्ट्यांत लिहिलेली आहे.

हा फलक लवकर झाला. तिचं सगळं तिनंच लिहून ठेवलंय.

१६ ऑगस्ट

फोटोंचे हक्क. गीज बेंडच्या अनेक शिवणाऱ्यांचे हक्क आता कलाकारांच्या संस्थेमार्फत सांभाळले जातात, म्हणजे छापण्याचं शुल्क त्यांच्यापर्यंत पोचतं. आमच्या अंदाजपत्रकात ही रक्कम सगळ्यात आधी धरली.

ते असं सहज झालेलं नाही. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात आणि मग न्यू यॉर्कमध्ये गीज बेंडच्या गोधड्या भिंतीवर लागल्या, समीक्षकांनी डोक्यावर घेतल्या, २००६ मध्ये १० टपाल तिकिटं निघाली. २००७ मध्ये अ‍ॅनी मे यंग, लॉरेटा पेटवे आणि आणखी एकीनं गीज बेंडच्या गोधड्या जमवणाऱ्या संग्राहकाविरुद्ध आणि त्याच्याशी संबंधित मंडळींविरुद्ध खटले भरले. मोबदला आणि हक्क हा वाद. २००८ मध्ये ते मिटले. पॉवर्सच्या गोधडीचंही असंच. १९९२ मध्ये तिच्या बायबल गोधडीच्या नकला चीनमध्ये शिवून अमेरिकेत विकायला आल्या, स्मिथसोनियनच्या परवानगीनं, आणि देशभरच्या गोधडी शिवणाऱ्यांनी निषेध केला. हे दोन्ही मजकूर फलकांवर येणार. खजिनदारांना वाटलं, वाद कशाला. पण ५ डॉलरची गोष्ट सांगायची आणि पुढची गाळायची, हे मला जमणार नाही. त्यांना शेवटी पटलं.

६ सप्टेंबर

हाउसटॉप पूर्ण झाली. मधला चौकोन वैनींच्या सासूबाईंच्या लुगड्याचा, बाहेरच्या पट्ट्या सगळ्यांच्या घरच्या. कॉर्डरॉय एका जुन्या पँटचं मिळालं. दोन पट्ट्या वाकड्या गेल्या आहेत, तशाच ठेवल्या. मागच्या अस्तरावर दोऱ्यानं प्रत्येकीनं आपलं नाव घातलं, आपापल्या अक्षरात. काकींनी माहेरचं नाव घातलं.

फलकांचा क्रम ठरला : पॉवर्स, गीज बेंड, टॉम्पकिन्स, रिंगोल्ड, कवंद. कवंद भिंतीवर न लावता लाकडी पलंगावर अंथरायचं, आज्जींच्या घरात होतं तसं. छपाईला फाइल गेली. प्रुफं सोमवारी बघायची आहेत. बेट्सचा फोटो खाली, साडेतीन फुटांवर, हे छपाईवाल्यांना नाही तर सुताराला सांगायचं आहे. आज्जींना प्रदर्शनाला बोलावलं आहे, येण्याजाण्याची गाडी गटाकडून. बरोबर सूनही येईन म्हणाली आहे, तिची तीन कवंदं तयार आहेत, ती विकायला ठेवता येतील का असं तिनं फोनवर विचारलं. दारापाशी तिच्यासाठी टेबल मांडतोय.